घरचं गारेगार

मार्चच्या अंकात मी बोलता बोलता लिहून गेले होते, की उन्हाळ्यात नातवंडांसाठी मी दही आणि फळांची कुल्फी करते. त्यात ना मावा, ना कॉर्नफ्लॉवर, ना बाटलीतला रंग. कृती काही दिली नव्हती. त्याची शिक्षा म्हणून संपादकांनी पत्रांचं एक जाडजूड पाकीट माझ्याकडे धाडलं आणि वर चिठ्ठी जोडली: "आता निस्तरा." तर निस्तरते.

नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की मी वाईत राहते. २२ वर्षं घरातून श्रीखंडाच्या ऑर्डरी घेतल्या, गुडघ्यांनी संप केला तेव्हा थांबले. आईस्क्रीमची मी जाणकार नव्हे, चक्क्याची आहे. त्यामुळे माझी बरीचशी उत्तरं फिरून फिरून चक्क्यापाशीच येतील, ते गोड मानून घ्या.

*

मावशी, दही आणि आंब्याचा रस मिक्सरला फिरवून कुल्फीच्या साच्यांत भरला. पौष्टिक हवं म्हणून साखर घातलीच नाही. दुसऱ्या दिवशी नुसता दगड! गरम पाण्यात बुडवून कशीबशी बाहेर काढली, तर लेकीने चार वेळा चोखली आणि म्हणाली, "आई, ह्यातला आंबा संपला." खरंच हातात पांढरा बर्फ उरला होता. काय चुकलं?
(एक आई, ठाणे)

अगं, जे मला समजायला दोन उन्हाळे लागले ते तुझ्या लेकीने एका वाक्यात सांगितलंय.

दही गोठतं म्हणजे त्यातलं पाणी गोठतं. किलोभर दह्यात ८५० ग्रॅमच्या आसपास पाणीच असतं आणि आंब्याचा रसही काही कोरडा नसतो. हे पाणी गोठताना मोठं सोवळ्यात असतं. बर्फाचा स्फटिक तयार होताना तो दुसऱ्या कुणाला आत येऊ देत नाही. साखर, गर, रंग, वास, सगळ्यांना बाहेर ढकलतो. ती सगळी मंडळी स्फटिकांच्या फटींत पाकासारखी साचून राहतात. चोखलं की आधी तो पाक तोंडात येतो आणि मागे कोरा बर्फ उरतो. जत्रेतल्या बर्फाच्या गोळ्याचं शेवटी शेवटी होतं ना, तेच.

माझी पहिली फजिती याहून मोठी. थोरल्या नातवाचा सहावा वाढदिवस, महिना फेब्रुवारी. आम्ही महाबळेश्वरच्या पायथ्याशी, त्यामुळे त्या दिवसांत स्ट्रॉबेरी घरात येते ती पाटीने. ताजं दही, स्ट्रॉबेरी आणि चमचाभर मध एवढ्यावर मी १६ कुल्फ्या लावल्या. मुलं ओळीने बसली आणि पहिल्याच घासाला शेजारच्या पोराचा दुधाचा दात कुल्फीत रुतून राहिला. आधीच हलत होता म्हणा. त्याची आई पोट धरून हसली. मी मात्र मुकाट्याने उरलेल्या १५ कुल्फ्या पातेल्यात काढल्या आणि तासाभराने लस्सी म्हणून वाढल्या.

आता उपाय. आधी पाणी काढायचं, म्हणजेच चक्का करायचा. फुल क्रीम दुधाचं किलोभर दही संध्याकाळी विरज, सकाळी लागलं की लगेच फ्रीजमध्ये टाक. आंबट होऊ द्यायचं नाही. अदमुरं असतानाच उचललेलं बरं. ओल्या पंचात ते ओतून मोट बांध आणि चाळणीत ठेवून चाळण पातेल्यावर बसव. पूर्वी आम्ही ओट्यावरच्या नळाला मोट टांगायचो आणि रात्रभर टप् टप् ऐकत झोपायचो. पण एप्रिलच्या उकाड्यात बाहेर टांगलं तर सकाळपर्यंत चक्का आंबूस होतो आणि मग तो आंबटपणा मारायला साखर वाढते. म्हणून सगळा सरंजाम फ्रीजमध्येच ठेव. आठ-दहा तासांत साधारण ४०० ग्रॅम चक्का हाती येतो. गाईच्या दुधाचा असेल तर कमी, सव्वातीनशेच्या आसपास. खालचं पाणी फेकू नकोस, त्यात कणीक मळ. पोळ्या मऊ होतात.

दुसरी गोष्ट साखरेची. साखर नुसती गोडीला नसते, ती पाण्याला पुरतं गोठू देत नाही. फ्रीझर उणे १८ अंशांवर असतो. साखर विरघळलेलं थोडं पाणी त्या थंडीतही पातळच राहतं आणि म्हणून कुल्फीत दात रुततो. तू साखर अजिबात घातली नाहीस, मग दगड होणारच. त्यात थंड पदार्थ जिभेला कमीच गोड लागतो. साच्यात भरताना मिश्रण जरा जास्त गोड वाटलं, तर खाताना बरोबर लागतं.

माझं माप असं: ४०० ग्रॅम चक्का, दोन मध्यम हापूसचा घट्ट गर (साधारण २५० ग्रॅम), ५० ग्रॅम पिठीसाखर, २० ग्रॅम मध आणि चिमूटभर मीठ. यात ६० मिलीचे दहा-अकरा साचे भरतात. वरून घातलेली साखर आणि मध मिळून प्रत्येक कुल्फीत सव्वा ते दीड चमचा येतो. हे जास्त वाटत असेल तर श्रीखंड आठव. तिथे आपण चक्क्याच्या वजनाइतकी साखर घालतो, म्हणजे याच चक्क्याला ४०० ग्रॅम! मध मुद्दाम घातलाय. त्यातली द्राक्षशर्करा आणि फळशर्करा तेवढ्याच वजनाच्या साखरेपेक्षा जास्त मऊपणा ठेवतात.

आणि चक्का मिक्सरला लावायचा नाही. मिक्सरमध्ये तो पातळ होतो, मग रात्रभर गाळला कशाला? पुरणयंत्रातून काढ, नाहीतर चाळणीवर वाटीच्या बुडाने घास. गर वेगळा फिरवून घे आणि रवीने किंवा डावाने दोन्ही एकत्र कर. मिश्रण तासभर फ्रीजमध्ये गार करून मग साच्यांत भर. साचे छोटे घे आणि फ्रीझरच्या तळाला टेकवून ठेव. जितकं पटकन गोठेल तितके स्फटिक बारीक होतात. काढताना साचा नळाच्या साध्या पाण्याखाली दहा-पंधरा सेकंद धर. गरम पाणी नको, वरचा थर वितळून चिकट होतो.

*

ताई, अननस घालून दही-कुल्फी केली होती. रात्री मिश्रण चाखलं तेव्हा छान होतं, म्हणून फ्रीजमध्ये ठेवलं आणि सकाळी साच्यांत भरणार होते. सकाळी कडूजहर! दूधवाल्याशी भांडून आले. दूधच खराब असेल ना?
(एक वाचक, पनवेल)

दूधवाल्याची माफी मागून या.

न शिजवलेल्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर असतं. ते प्रथिनं तोडतं. अननस जास्त खाल्ला की जीभ चुरचुरते, त्यातही त्याचा हात असतो. दह्यातल्या प्रथिनांचे ते तुकडे करतं आणि त्या तुकड्यांची चव कडू असते. रात्रभर त्याला निवांत वेळ मिळाला आणि त्याने काम फत्ते केलं. लगेच गोठवलं असतं तरी सुटका नव्हती. थंडीने हे विकर मरत नाही, नुसतं सुस्तावतं. वितळायला लागलं की पुन्हा कामाला.

उष्णतेने मात्र ते निकामी होतं. अननसाचे बारीक तुकडे दोन चमचे साखर घालून कढईत ठेवा, उकळी आली की पाचेक मिनिटं शिजू द्या, पाणी आटू द्या आणि पूर्ण गार झाल्यावरच चक्क्यात मिसळा. विकरही गेलं आणि नको असलेलं पाणीही गेलं. डब्यातला अननस आधीच तापवलेला असतो, त्यामुळे तो कडू होत नाही. फक्त त्याचा पाक निथळून टाका. पपई, किवी आणि ताजं अंजीर हीसुद्धा याच भावकीतली. आमच्याकडे पुरंदरची अंजिरं आली की मी ती थोडी शिजवूनच घेते आणि खरं सांगायचं तर शिजवलेल्या अंजिराची कुल्फी मला आंब्याहून जास्त आवडते. हे रत्नागिरीच्या वाचकांनी वाचलं नाही असं समजावं.

*

मी ६८ वर्षांचा असून गेली बारा वर्षं मधुमेही आहे. सूनबाई माझ्यासाठी साखरेऐवजी खजूर, मध आणि गूळ घालून दह्याचं आईस्क्रीम करते. "बाबा, हे हेल्दी आहे, हवं तेवढं खा," म्हणते. खावं का?
(एक आजोबा, पुणे)

सूनबाईंची माया शंभर टक्के खरी, पण "हवं तेवढं" हे दोन शब्द तेवढे परत घ्यायला सांगा.

मधात ८० टक्क्यांच्या आसपास साखरच असते. गूळही बहुतेक साखरच आणि सुक्या खजुराचा अर्ध्याहून जास्त भाग साखरेचा. खजुरात तंतू असतात, गुळाला चव असते, हे मान्य. पण रक्तातली साखर मोजणाऱ्या यंत्राला साखर पांढरी होती की तपकिरी हे कळत नाही. वर मी ठाण्याच्या आईला मध घालायला सांगितला तो कुल्फी मऊ राहावी म्हणून. औषध म्हणून नव्हे. तुम्हाला दिवसाला किती फळ चालेल हे तुमच्या डॉक्टरांनी सांगायचं, मी नाही. आणि आंबा, चिकू, केळं घातलेला पदार्थ "बिनसाखरेचा" म्हणून कुणी पुढे केला, तर तो फक्त वरून न घातलेल्या साखरेबद्दल बोलत असतो, हे लक्षात असू द्या.

तुमच्यासाठी एक वेगळा प्रकार सांगते. साखर नाही म्हटलं की पदार्थ दगड होणार, हे वर आलंच. मग तो दगड जाड ठेवायचाच कशाला? पातळ करा, म्हणजे चिक्कीसारखा मोडून खाता येतो. पावकिलो स्ट्रॉबेरी चिरून नुसती कढईत ठेवा. पाच मिनिटांत तिला पाणी सुटतं. ते आटवून ऐवज निम्मा करा. स्ट्रॉबेरीत जेमतेम पाच टक्के साखर, पण आटवली की गोडी एकवटते. गार झाल्यावर २५० ग्रॅम चक्क्यात ती अर्धवटच मिसळा, लाल रेघा दिसल्या पाहिजेत. स्टीलच्या ताटात बटर पेपर घालून त्यावर हे अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा पातळ थापा. वरून बदामाचे काप नाहीतर भाजलेल्या शेंगदाण्यांचं भरड कूट आणि चिमूटभर वेलची घाला. तीन-चार तासांनी कडक झालं की हाताने तुकडे मोडून डब्यात भरा आणि डबा फ्रीझरमध्येच ठेवा. बाहेर पाच मिनिटंही तग धरत नाही.

आम्ही याला दह्याची पापडी म्हणतो. जेवणानंतर दोन तुकडे. सूनबाईंना सांगा, उरलेली तिने खावी.

*

आमच्याकडे केळी उदंड. पिकून काळी पडली की गुरांपुढे टाकतो. आईस्क्रीमचं यंत्र नसताना त्यांचं काही करता येईल का?
(एक शेतकरी वाचक, जळगाव जिल्हा)

जळगावच्या केळ्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि दादा, तुम्ही ते म्हशीला घालता! म्हशीचं भाग्य.

सालीवर काळे ठिपके पडलेलं केळंच याला हवं. सोलून बोटाच्या पेराएवढ्या चकत्या करा, लिंबाचे चार थेंब चोळा म्हणजे काळवंडायचं नाही. ताटात एकेक सुट्या मांडून गोठवा. ढीग करून गोठवल्या तर वीट होते आणि मग बत्ता घ्यावा लागतो. खायच्या आधी पाच मिनिटं बाहेर काढून ठेवा. मग दोन केळ्यांच्या चकत्या आणि दोन मोठे चमचे चक्का मिक्सरच्या छोट्या भांड्यात घालून थांबत थांबत फिरवा. आधी त्याचा भुगा होतो. तिथेच बहुतेक लोक हात टेकतात आणि दूध ओततात. ओतू नका. कडेचं खाली लोटा, पुन्हा फिरवा. चार-पाच झटक्यांनंतर भुगा अचानक लोण्यासारखा एकत्र येतो. केळ्यात पाणी कमी, गर दाट, म्हणून बर्फ खरखरत नाही. मिक्सर सलग चालवू नका, मोटार तापते आणि भांडंही.

हे लगेच खायचं. परत गोठवलं तर पुन्हा दगड.

*

नमस्कार मावशी. इथे ग्रीक योगर्ट मिळतं, तरी चक्का करावा लागेल का? आणि फ्रीझरमध्ये दह्यातले चांगले जीवाणू मरून जातात का?
(एक वाचक, न्यू जर्सी)

ग्रीक योगर्ट म्हणजे गाळलेलं दहीच, फक्त पंचा दुसऱ्याचा. ते थेट वापर. मात्र डब्यावरची यादी वाच. दूध आणि विरजण एवढंच लिहिलेलं घे. स्टार्च किंवा जिलेटिन घालून दाट केलेलं असेल तर ते गाळलेलं नव्हे, नुसतं घट्ट दिसतं.

जीवाणूंचं म्हणशील तर बरेचसे जगतात, गोठून झोपी जातात. दिवस जातात तशी त्यांची संख्या घटते, म्हणून दोन-तीन आठवड्यांत संपवावं. आणि हे तुला मी सांगायचं? परदेशातल्या आमच्या मुलीच तर विरजणाचे ठोकळे बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवतात आणि महिन्याने त्यावर दही लावतात. ते लागतं ना? झालं तर. पण हेच उलटंही खरं: गोठवल्याने वाईट जंतूही मरतीलच असं नाही. हात, भांडी आणि फळं आधी स्वच्छच हवीत.

*

नऊ महिन्यांच्या नातीला दात येताहेत. गार काहीतरी चोखायला द्यावं, म्हणून मधातली द्राक्षं गोठवून द्यायचा विचार आहे.
(एक आजी, सोलापूर)

नको, नको आणि नको. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही, बोटावर चाटवायलाही नाही. त्यातून एक दुर्मीळ पण जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते. आपल्याकडे जन्मघुटीत मध देत आले, हे ठाऊक आहे मला, तरीही नाही. अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या घशात बुचासारखं बसतं आणि गोठवलेलं तर जास्तच. चार-पाच वर्षांच्या मुलांनाही द्राक्ष उभं चिरून, चार फाका करूनच द्यावं. वरून साखर दोन वर्षांपर्यंत नकोच, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात.

स्वच्छ ओला रुमाल फ्रीजमध्ये (फ्रीझरमध्ये नव्हे) गार करा आणि तुम्ही धरून तिला चावू द्या. खायला द्यायचं तर ताज्या गोड दह्यात केळं कुस्करा आणि वाटी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून चमच्याने भरवा.

*

आमच्या सासूबाईंना दह्यात फळ घातलेलं मुळीच खपत नाही. विरुद्धान्न म्हणतात. काय सांगू त्यांना?
(एक सून, चिपळूण)

काही सांगू नका. आयुर्वेदात तसा विचार आहे आणि त्यांना दह्या-फळाचा त्रास होत असेल तर त्यांनी खाऊ नये, एवढं साधं आहे. मात्र एखाद्या निवांत दुपारी गप्पांच्या ओघात विचारा, की लग्नाच्या पंगतीत डावीकडे केळ्याची दह्यातली कोशिंबीर वाढायचे ते आठवतं का? गोकुळाष्टमीच्या काल्यात डाळिंबाचे दाणे आणि पेरू कुणी घातले? पंचामृतात केळं? विचारा आणि लगेच चहा टाकायला उठा. उत्तराची वाट बघू नका.

*

आमच्या गावात रोज दुपारी वीज जाते. कुल्फी अर्धवट वितळते, रात्री पुन्हा गोठते. तशी खावी का? आणि विजेशिवाय काही करता येईल का?
(एक शिक्षिका, बीड जिल्हा)

पहिल्याचं उत्तर आधी. वीज गेली की फ्रीझर उघडायचाच नाही, आतली थंडी आत राहते. कुल्फी मऊ झाली पण हाताला अजून बर्फासारखी गार लागतेय, तर तेव्हाच पेल्यात ओतून लस्सीसारखी पिऊन टाका. पुन्हा गोठवली तर स्फटिक मोठे होऊन खडबडीत होते. कोमट होऊन दोन-तीन तास पडून राहिली असेल तर फेकून द्या. चक्क्याचा जीव वर-खाली होतो, ठाऊक आहे. तरी फेका.

दुसऱ्या प्रश्नाने मात्र तुम्ही मला थेट माहेरी नेलंत. आमच्याकडे लाकडी बादलीचा आईस्क्रीमचा पॉट होता. मे महिन्यात एकदा बर्फाच्या कारखान्यातून गोणपाटात गुंडाळलेली लादी यायची, सायकलच्या कॅरिअरवरून, मागे रस्ताभर ओली रेघ ओढत. बत्त्याने तिचे तुकडे करायचे. मधल्या डब्याभोवती बर्फाचा एक थर, त्यावर मूठभर जाडं मीठ, पुन्हा बर्फ, पुन्हा मीठ. मग दांडा फिरवायचा. सुरुवातीला धाकट्यांचा नंबर, कारण तेव्हा तो हलका फिरतो. पंधरा-वीस मिनिटांनी जड झाला की दादा बसायचा आणि शेवटी वडील, बादलीवर गोणपाट टाकून त्यावर धाकट्या भावाला वजन म्हणून बसवायचे. मीठ बर्फाला वितळायला लावतं आणि वितळायला लागणारी उष्णता बर्फ आतल्या डब्यातून ओढून घेतो. ते खारट पाणी उणे १० अंशांच्या खाली सहज जातं. एका वर्षी बादलीच्या भोकातला बोळा काढायला विसरलो, खारं पाणी झाकणापर्यंत चढलं आणि आत गेलं. खारं आंब्याचं आईस्क्रीम आम्ही सगळ्यांनी खाल्लं. टाकायची टाप नव्हती.

पॉट नसेल तरी अडत नाही. घट्ट झाकणाचा दोन लिटरचा स्टीलचा डबा आणि त्याच्या दुप्पट रुंदीचं पातेलं किंवा बादली घ्या. पितळी डबा नको, दही त्यात कळकतं, अॅल्युमिनिअमही नको. पाच किलो बर्फ, एक किलो जाडं मीठ. गार केलेलं मिश्रण डब्यात अर्ध्याच्या थोडं वर भरा, झाकणाच्या फटीवर ओल्या फडक्याची पट्टी गुंडाळा आणि बर्फ-मिठाचे थर झाकणाच्या खाली दोन बोटं थांबवा. आता डबा कडेने धरून अर्धा वळसा इकडे, अर्धा वळसा तिकडे फिरवत राहा. पाच-पाच मिनिटांनी झाकण पुसून उघडा आणि कडेला जमलेला थर उलथन्याने खरवडून मध्ये ढकला. खरवडल्याने स्फटिक मोडतात. फ्रीझरच्या कुल्फीत नसतो तो मऊपणा इथे येतो. पाऊण तासात डाव उभा राहील इतकं घट्ट होतं. डबा धरणाऱ्या हाताला जाड फडकं हवं. खाऱ्या बर्फात बोटं बुडवून ठेवली तर कातडी पोळल्यासारखी होते. कारखान्याचा बर्फ खाण्याचा नसतो, त्याचा कण आत पडू देऊ नका.

तुमच्याकडे सीताफळाचा हंगाम आला की त्याच्या गराचं हे करून बघा. गर चाळणीवर हलक्या हाताने घासून बिया काढा, मिक्सरला लावू नका. बी फुटली तर गर वाया. वर्गातली पोरं दांडगी असतील तर फिरवायला माणसं कमी पडणार नाहीत.

*

आजी, मी चौथीत आहे. गाडीवर मिळते तशी पेप्सी किंवा गारेगार मला घरी करता येईल का? आई म्हणते त्यात नुसता रंग असतो. मला मिक्सर लावायची परवानगी नाही.
(एक मुलगा, कराड)

बाळा, मिक्सर लागतच नाही. आईकडून एक वाटी चक्का माग. दोन खूप पिकलेले चिकू घे, इतके पिकलेले की साल बोटाने निघेल. बिया काढून टाक, एकही राहता कामा नये. एका ताटलीत काट्याने चिकू चेचत बस. थोड्या गाठी राहिल्या तरी चालतील, मला तर त्याच आवडतात. त्यात चक्का आणि तीन चमचे पिठीसाखर घालून ढवळ. चाटून बघ, पण चमचा बदल.

घरात असतील त्या छोट्या स्टीलच्या वाट्यांत भर. काडी लगेच खोचलीस तर आडवी पडेल. पाऊण तास थांब, मिश्रण चिखलासारखं झालं की मधोमध उभी कर. मग रात्रभर ठेव आणि दर दहा मिनिटांनी फ्रीझर उघडून बघू नकोस, थंडी बाहेर पळते. सकाळी वाटी उलटी धरून बुडावर नळाचं पाणी सोड. जीभ लावण्याआधी मिनिटभर थांब, फार गार असेल तर चिकटते.

तुझा एखादा दात हलत असेल, तर आधी तो पडू दे.